पंख्यातल्या आजोबांची बोली

संहिता दोन पानं कमी पडली, की मनिलाला लागून असलेल्या केझोन सिटीतल्या त्या स्टुडिओत उपाय ठरलेला असायचा. निर्मात्या मॅडम कोरा टेबलावर बोटं वाजवत म्हणायच्या, "इंदायला बोलू दे गं, वेंग. लोक हसतील."

आणि लोक हसायचेच! 'पंख्यातले आजोबा' ही मालिका घराघरांत बघितली जायची. वारलेले आजोबा बैठकीतल्या जुन्या टेबलफॅनमधून बोलतात आणि सगळ्या कुटुंबाला धारेवर धरतात, अशी ती गंमत. त्या घरातली मोलकरीण इंदाय विसाया बेटांवरची. 'ए'चा 'ई' आणि 'ओ'चा 'ऊ' करणारी. "मॅडम, शिजारीण गिली!" एवढं ती म्हणाली की प्रेक्षक पोट धरायचे.

हे विनोद लिहायची रोवेना दागुमान, म्हणजेच वेंग. ती स्वतः त्याच बेटांपैकी सामारची. कॉलेजात मुली तिच्या उच्चारांना हसल्या, तेव्हा आरशापुढे बसून तिने आपली जीभ मनिलाची करून घेतली होती. आता ऑफिसात तिचं गाव कोणाला आठवतही नसे.

त्या वर्षी तिची आई, नानाय फेलिसिदाद, डोळे दाखवायला मनिलाला आली. आईला, आणि कुठल्याही वयस्क बाईला, तिकडे नानाय म्हणतात. लेकीचं काम बघायचं म्हणून हट्टाने शूटिंगला आली आणि प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत बसली. इंदायच्या प्रत्येक वाक्याला सभोवती हशा उठत होता. नानायला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळेना. ती पोरगी तर नीट बोलत होती!

शूटिंग संपलं. सेटवर हातात फाईल घेऊन उभी असलेली लेक दिसली, तशी नानायने आनंदाने हाक मारली, "इंदाय! ए इंदाय!"

सामारमध्ये लाडक्या लेकीला इंदायच म्हणतात. पण मनिलात त्याचा अर्थ मोलकरीण असा होऊन बसला होता.

"अरे, ही तर खरीखुरी इंदाय!" मागून कोणीतरी ओरडलं. "कोणाची बाई सुटून आली रे?"

सगळी रांग हसली. वेंगने हाक ऐकली होती. तिने मान खाली घातली, फाईल चाळल्यासारखं केलं आणि आत निघून गेली.

नानायने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. दुसऱ्याही कशाबद्दल काढला नाही. बेकरीत ती पावासाठी बोटं दाखवायची. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकून विचारलं, "थेंबांनी आग होते का?" तिने नुसती नकारार्थी मान हलवली. चार दिवसांनी डोळा लालभडक सुजला.

"पहिल्या दिवसापासून आग होत असणार! सांगितलं का नाहीस?" वेंग घाबरून ओरडली.

"तोंड उघडलं की लोक हसतात," नानाय शांतपणे म्हणाली. "आणि तुला खाली बघावं लागतं."

वेंगने तिला तसंच दवाखान्यात नेलं. थेंब बदलून मिळाले, सूज उतरू लागली. पण तिचं मन काही थाऱ्यावर येईना.

मालिकेतल्या आजोबांना आवाज देणारे देल्फिनकाकाही सामारचेच. पंख्यामागच्या खोलीत कॉफी पीत बसलेल्या त्या म्हाताऱ्याला तिने सगळं सांगितलं.

"तुम्हाला कधी राग नाही आला माझे विनोद वाचून?"

"आला की! पण मीही चाळीस वर्षं मनिलाची भाषा पांघरून पोट भरलं. कुठल्या तोंडाने बोलू?" ते म्हणाले. "पण एक सांगतो पोरी. डॉक्टर चुकला की एका माणसाला भोगावं लागतं. आपण तर एका वेळी अख्ख्या देशाला शिकवतो, कोणाला हसायचं ते. त्या दोन पानांनी किती आयांची तोंडं बंद केली असतील!"

"मग आता?"

"लेखणी तुझ्याच हातात आहे ना? मी मेलो तर माझं भूत मनिलाच्या भाषेत बोलेल होय गं?"

वेंग ताडकन उठली.

मॅडम कोरांनी नवी संहिता वाचून कपाळाला आठ्या घातल्या. "लोक हसायला येतात, शिकायला नाही."

"हसतीलच, मॅडम. कोणाला हसतील तेवढं बदललंय. नाही हसले, तर पुढच्या आठवड्यापासून दुसरा लेखक बघा."

शूटिंगला तिने नानायला आग्रहाने आणलं. पडदा उघडला. आजोबांच्या पुण्यतिथीच्या दिवशी पंखा घरघरला आणि आजोबा एकाएकी वाराय बोलीत, आपल्या मूळ सामारच्या भाषेत ओरडू लागले. घरच्यांना एक अक्षर कळेना. आशीर्वाद असेल म्हणून सगळे गुडघे टेकून बसले, छातीवर क्रूसाची खूण करू लागले.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत एकच बाई खदखदून हसली. नानाय!

"काय म्हणतायत आजोबा, नानाय?" शेजारच्या माणसाने घाईने विचारलं.

"म्हणतायत, 'गाढवांनू, वायर पिटली! उठा आधी!'" नानायने आपल्या ठसक्यात सांगितलं.

तिच्या भोवतीची माणसं हसत सुटली. पण या वेळी तिच्याबरोबर! तोवर सेटवर इंदायने धावत येऊन पिन काढली, तेच वाक्य मनिलाच्या भाषेत, पण आपल्या ठसक्यात मालकांना सुनावलं, आणि सगळं प्रेक्षागृह गुडघ्यावर बसलेल्या शहाण्यांना हसलं. मॅडम कोरासुद्धा हसता हसता डोळे पुसत होत्या.

शूटिंग संपताच वेंग सरळ तिसऱ्या रांगेत गेली. सगळ्यांसमोर, वारायमध्ये, मोठ्याने म्हणाली, "ही माझी आई. मी हिच्याच भाषेत बोलायला शिकले."

नानायने तिच्या गालावर चापट मारली. "तुझे उच्चार बिघडलेत गं पार!"

वाचकहो, कोणाच्या बोलीला आपण सहज हसतो, तेव्हा त्या घरातली एखादी आई गप्प होत असते. ती गप्प झाली, की तिला काय दुखतंय हेही आपल्याला कळत नाही. विनोद जरूर करावा, पोट भरून हसावं. पण ज्याला हसतो आहोत, त्यालाही त्या हसण्यात सामील होता आलं पाहिजे!