नखं दिसली तर कुत्रा

रागात गाडी चालवू नये, हे तिला माहीत होतं. पण राग उतरायची वाट बघत बसली असती तर दुपार टळून गेली असती आणि कुत्रा मेला असता.

सकाळी बाबांचा फोन आला होता. बाबा फोनवर नेहमी कुणाची तरी माफी मागत असल्यासारखं बोलायचे, आजही तसंच बोलले. "वेळ असला तर ये. साहेबाला घेऊन जा. तुझ्याकडे अंगण आहे. इथे आता त्याला ठेवता येत नाही."

साहेब म्हणजे कुत्रा. बाबा मत्स्यतळ्यांवर राखणदार होते आणि जन्मभर ज्याला त्याला साहेब म्हणत आले होते. म्हातारपणी कुत्रा पाळला तेव्हा त्यांनी त्याचंच नाव साहेब ठेवलं. "आजवर मी साहेबांचं ऐकलं, आता एक साहेब माझं ऐकतो," असं सगळ्यांना सांगायचे आणि स्वतःच आधी हसायचे.

"का ठेवता येत नाही? काय केलं त्याने?"

"मासे खातो म्हणतात."

"म्हणतात! आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार? बांधावर पावलं सापडलीत. दुपारपर्यंत नेला नाही तर चेअरमन गोळी घालणार आहेत. तू फक्त ये. ते तुझं सामानबिमान काही आणू नकोस."

तिने सामान आणलं. फूटपट्टी, कॅमेरा, ठसा घ्यायची पांढरी पावडर, सगळं. वन्यप्राण्यांच्या मोजदाद खात्यात तिचं कामच ते होतं. चिखलातलं पाऊल, विष्ठा, झुडपातला धूसर फोटो यांवरून कुठलं रानमांजर, कुठला बिबट्या ते सांगायचं. ऑफिसात तिला वाघाची मावशी म्हणायचे, आधी पाठीमागे आणि मग तोंडावर. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा आणि त्याला कारणही होतं. लोकांना काहीही दिसलं की बिबट्याच दिसायचा. रानमांजर दिसलं, बिबट्या. शेजारणीचा बोका दिसला, बिबट्या. एकदा तर झाडाला अडकलेल्या पिवळ्या चादरीसाठी शाळा दोन दिवस बंद होती. लोकांना समजावून समजावून तिचा घसा बसला, पण पालथ्या घड्यावर पाणी. आणि आज चवीत बदल म्हणून कुत्रा! तोही तिच्या बापाचा.

तळ्यांवर पोचली तेव्हा बाबा खोलीबाहेर बाकड्यावर बसले होते. शेजारी पिशवी. पिशवीत साहेबाची थाळी, घडी घातलेली गोधडी, दोरी. लग्नाच्या मुलीची पाठवणी करावी तशी सगळी तयारी करून ठेवलेली. साहेब तिच्या गुडघ्यांवर उड्या मारायला लागला. बाबांच्या हातात अजून खराटा होता. खोलीकडचा अख्खा बांध त्यांनी सकाळीच झाडून काढला होता.

"हे काय केलंत? पावलं कुठे आहेत?"

"होतं काहीबाही. झाडलं."

"झाडलं? अहो, कुत्र्यावर आळ आलाय, त्याच्या बाजूचा एकमेव पुरावा होता तो! आणि तुम्ही मालकांसाठी झाडलोट करत बसलात?"

"वाद नको. चेअरमनशी बोलणं झालंय. कुत्रा गेला की विषय संपला. त्याला घे आणि नीघ."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेच ती लहानपणापासून बघत आली होती. पगार कापला, मान खाली. रजा नाकारली, मान खाली. कुणाच्या तरी चुकीसाठी चार माणसांत बोलणी खाल्ली आणि घरी येऊन म्हणाले, जाऊ दे, मोठी माणसं आहेत. आई त्या 'जाऊ दे'वर आयुष्यभर चिडायची. आई गेली आणि चिडण्याचं काम लेकीकडे आलं.

"मी कुठेही जाणार नाही," ती म्हणाली आणि पलीकडच्या बांधाकडे निघाली. तिथपर्यंत खराटा पोचला नव्हता.

पाऊल तिला लगेच सापडलं. पाण्याच्या कडेला, ओल्या चिखलात, अगदी स्वच्छ. ती उकिडवी बसली. बघता बघता तिच्या अंगातला राग जरासा बाजूला सरकला आणि त्या जागी दुसरंच काहीतरी आलं. असं पाऊल तिने आजवर दोनदाच पाहिलं होतं आणि तेही इथून फार लांब. ती त्याच्यावर वाकून बसली असतानाच मागून चपलांचे आवाज आले. तळ्यांचे मालक आले होते. पुढे त्यांच्या सोसायटीचा चेअरमन, त्याच्या मागे बर्फाचा कारखाना असलेला एक तरुण, त्याला सगळे बर्फवाला म्हणायचे, आणि आणखी दोघं. सगळ्यात मागे, साहेबाची दोरी धरून, बाबा.

"मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" चेअरमन म्हणाला. "आम्ही पण अडाणी नाही. पावलात नखं दिसतायत. नखं दिसली तर कुत्रा, नाही दिसली तर मांजर. तुमच्याच खात्याचं पोस्टर आहे. शेडमध्ये लावलंय. खाली तुमचं नाव पण आहे."

ते पोस्टर! तिने चांगलं पानभर लिहून दिलं होतं. कुठल्या मांजराची नखं उमटतात, घसरड्या उतारावर काय होतं, नखांखेरीज काय काय बघायचं. तिच्या वरिष्ठांनी ते सगळं कापलं. लोकांच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट बसते, म्हणाले. उरली ती एक ओळ आणि तिच्याखाली हिचं नाव. तेव्हा ती त्यांच्या टेबलासमोर उभी राहून अर्धा तास भांडली होती. आज ते समोर असते तर त्यांना तिने तळ्यात ढकललं असतं.

"ते पोस्टर चुकीचं आहे," ती म्हणाली.

"म्हणजे? तुमचंच पोस्टर चुकीचं?" चेअरमन हसला. बाकीचेही हसले.

"पोरी," बाबा मागून म्हणाले, "राहू दे ना. चेअरमनसाहेब, मी कबूल करतो. माझाच कुत्रा आहे, त्यानेच खाल्ले. ही नेते आहे त्याला."

"बाबा, तुम्ही गप्प बसा!"

चार माणसांसमोर ती बापावर ओरडली. बाबा गप्प बसले. त्यांना गप्प बसायची सवयच होती.

"चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही," ती मालकांकडे वळली. "या इकडे. वाका. असं उभं राहून आकाशातून काय दिसणार? वाका!"

ते वाकले. तिने साहेबाला ओढून आणलं, त्याचा पुढचा पाय धरला आणि त्या पावलाशेजारीच चिखलात दाबला. साहेबाने जांभई दिली.

"आता दोन्ही शेजारी बघा. हा कुत्रा. चार बोटं, दोन इकडे, दोन तिकडे, आरशात बघितल्यासारखी सारखी. मागची गादी लहान. काडी द्या मला." तिने वाळकी काडी घेतली आणि बोटं आणि गादी यांच्यामधल्या जागेतून एक तिरकी रेघ ओढली, मग तिच्यावर दुसरी. "फुली बसली. गादीला कुठे धक्का लागला नाही. कुत्र्याच्या पावलात फुली बसते. आता हे दुसरं." तिने काडी बर्फवाल्याच्या हातात दिली. "तुम्ही मारा."

बर्फवाल्याने काळजीपूर्वक रेघ ओढली. "गादीवरून जातेय, मॅडम."

"जाणारच. गादी मोठी आहे आणि पुढे सरकलेली आहे. तिची मागची कड बघा, तीन गोल फुगवटे आहेत. आणि बोटं सारखी आहेत का?"

"नाही. एक जरा पुढे आहे. आपलं मधलं बोट असतं तसं."

"शाबास. हे मांजराचं पाऊल आहे."

"पण नखं?" चेअरमन म्हणाला.

"तेच सांगतेय. सगळी मांजरं नखं पूर्ण आत ओढून चालत नाहीत. एक मांजर आहे, त्याची नखं म्यानात पुरती मावतच नाहीत, टोकं बाहेर राहतात. बोटांमध्ये थोडा पडदा असतो. पाणथळीत राहतं आणि पाण्यात उतरून मासे धरतं. मासेमार मांजर. घरच्या बोक्याच्या दुप्पट असतं. तुमचे मासे त्याने खाल्ले. हातच्या कांकणाला आरसा कशाला? डोळ्यांसमोर आहे, बघा!"

मग चेअरमनने साहेबाच्या डोक्यावर थोपटलं. "च्यायला, उगाच बिचाऱ्यावर आळ घेतला आपण. राखणदार, कुत्रा राहू द्या तुमचा."

तिने विजयाने बाबांकडे पाहिलं. बाबांचा चेहरा उतरला होता. कुत्रा वाचल्यावर माणसाचा चेहरा असा का व्हावा, हे तिला कळेना आणि त्याचाही तिला रागच आला.

"मग ते मांजर राहतं कुठे?" चेअरमनने सहज विचारल्यासारखं विचारलं.

ती ताडकन उठून उभी राहिली. "ते संरक्षित आहे," ती म्हणाली. "केसाला धक्का लावलात तर तुरुंगात जाल. मी स्वतः तक्रार करीन."

"मारतंय कोण? जाळ्यात धरू आणि लांब नेऊन सोडू. काय रे?" आणि त्याने एकाला जाळं आणायला शेडकडे पाठवलं. तो माणूस जाता जाता हसला. असलं 'लांब नेऊन सोडणं' तिने पुष्कळ पाहिलं होतं. ती चेअरमनवर तोंडाला येईल ते ओरडली. कायदा, कलमं, पोलीस, सगळं काढलं. चेअरमन मान डोलावत ऐकत राहिला, पाहुण्यांचं ऐकावं तसं.

ती दम घ्यायला थांबली तेव्हा बाबा जवळ आले होते. ते हळूच बोलले, पण या वेळी माफी मागत नव्हते.

"मला काय कळत नव्हतं का, साहेबाने मासे खाल्ले नाहीत ते? रात्री माझ्या पायाशी झोपतो तो."

"मग बोलला का नाहीत? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? मला तरी सांगायचं!"

"फोन केला तेव्हा चेअरमन समोर बसले होते. इथे आल्यावर सांगणार होतो, तू ऐकून घेतलंस कुठे?" त्यांनी साहेबाच्या मानेवर हात ठेवला. "कुत्र्याला तुझ्या घरी पाठवता येत होतं. त्या मांजरीला कुठे पाठवू?"

राग होता तिथेच होता, फक्त आता त्याला जायला जागा नव्हती. बाबांवर काढावा तर ते बरोबर होते. चेअरमनवर काढून झाला होता. उरली ती स्वतः.

तेवढ्यात बांधाच्या टोकाकडून हाक आली. "मॅडम!"

बर्फवाला तिथवर पोचला होता. हातात तीच काडी, कंबरेत वाकलेला, तोंड फुललेलं. "मॅडम, हे पण तिचंच ना? बोट पुढे आहे बघा. आणि हे पण. इकडून ती पाणकणसाच्या उंच गवतात जाते!" दहा वर्षं ती वनरक्षकांना हे शिकवत आली होती आणि ते जांभया देत आले होते. याला एकदा सांगितलं आणि याने अख्खा माग काढला. "आणि ही बारकी बारकी पावलं कुणाची?"

ती धावलीच. पाणकणसाच्या कडेला मऊ चिखलात एक मोठं पाऊल होतं आणि त्याच्या भोवती नाण्याएवढी कितीतरी पावलं, एकमेकांवर चढलेली, घसरलेली, खेळलेली. बाबा तिच्या मागे येऊन उभे राहिले. ते चिखलाकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते.

"कुत्र्याची आहेत," ती म्हणाली. "पिल्लांची. भटकी पिल्लं पाणी प्यायला येतात. चला इथून."

पावलाकडे बघून ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली होती. आवाज मात्र तिचा नेहमीचाच होता, ठाम आणि खडसावणारा. त्या आवाजापुढे ऑफिसातले भले भले गप्प बसायचे.

बर्फवाला खाली बसला. काडी फार जाड होती म्हणून त्याने तिची बारीक ढलपी काढली, जीभ दातांत धरली आणि एका इवल्याशा पावलावर अगदी हळू एक तिरकी रेघ ओढली. मग दुसरी. मग त्याने मान वर केली. बाईंची चूक दाखवावी लागल्याचं त्याला खरंच वाईट वाटत होतं.

"नाही मॅडम. फुली बसत नाही, गादीवरून जातेय. तुम्हीच तर आत्ता शिकवलंत." आणि मागे वळून त्याने आनंदाने आरोळी दिली, "चेअरमन, जाळं इकडे आणा! पिल्लं पण आहेत!"