नकाशात नसलेली विहीर

मित्रांनो, कोल्हापूरहून हुपरीकडे जाताना उसाच्या फडाआड मी कुणाला सहसा दिसत नाही. मी आहे इथली जुनी विहीर. काळा दगड फोडून मला खोदले आणि पाणी लागले, तेव्हा लोकांनी गुलाल उधळला होता. माझ्यावर मोट चालली, मग इंजिन आले, मग मोटार. आजूबाजूचे मळे मी हिरवे ठेवले.

पुढे घरोघरी नळ आले आणि माझी कुणाला आठवण राहिली नाही. कुणी निर्माल्य टाकले, कुणी फुटक्या बाटल्या. पण महापूर आला, नळ बंद पडले, आणि उंचवट्यावरची मी तेवढी कोरड्या जागी राहिले. सारी वस्ती घागरी घेऊन माझ्या काठाशी आली. शेजारचा बाळासो सगळ्यांना पाणी शेंदून देत होता. "हिच्यामुळं जगलो की आपण!" तो ओरडून सांगत होता. ज्यांच्या रानात मी आहे, त्या तानाबाईंनी माझी ओटी भरली.

पूर ओसरला. शहर पसरत इकडे आले आणि वस्तीचा विकास आराखडा करायचे ठरले. म्हणजे कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे बाग, हे नकाशावर आधीच ठरवायचे. मोजणीवाले आले तेव्हा ऊस डोक्याच्या वर गेला होता. त्यांनी बांधावरूनच पाहिले, 'शेत' असे लिहिले आणि गेले. मी आतच होते. हाक कशी मारणार?

कच्चा आराखडा जाहीर झाला, तेव्हा रुंद रस्ता थेट माझ्यावरून जात होता. हरकत घ्यायला लोकांना मुदत होती. तानाबाईंनी अर्ज दिला, नियोजन समितीपुढे सुनावणीला गेल्या. परत आल्यावर काठावर बसून त्या सुनेला, वर्षाराणीला, सांगू लागल्या,

"सायेब म्हणलं, आजी, नकाशात विहीर न्हाय. म्या म्हणलं, मग येऊन बघा की!"

आणि समितीचे साहेब खरेच आले. वाकून त्यांनी आत पाहिले, ओंजळभर पाणी प्यायले. रस्ता थोडा वळवावा, अशी शिफारस समितीने केली. मित्रांनो, किती हलके वाटले मला!

पण वळवलेला रस्ता बाळासोच्या नव्या घरावरून जात होता. तो धावतच आला.

"काकी, विहीर बुजली तर नळ हाय. घर गेलं तर पोरंबाळं घिऊन मी कुठं जाऊ?"

तानाबाईंनी त्याला काठावर बसवले. "तुजंबी खरं हाय, बाबा," एवढेच म्हणाल्या. मलाही त्याचा राग आला नाही.

आराखडा मंजुरीसाठी सरकारकडे गेला. बाळासोनेही तिकडे अर्ज केला. मंजूर होऊन आला तेव्हा रस्ता पुन्हा सरळ झाला होता.

आता माझ्याभोवती मुरमाचे ढीग पडले आहेत. काल बाळासो एकटाच आला. एक घागर भरली, खांद्यावर घेतली आणि मागे न बघता निघून गेला.

मित्रांनो, तुमच्या गावात मोजणीवाले आले, की त्यांना हाताला धरून उसात न्या, झाडीत न्या, माझ्यासारखी कुणी असेल तिच्या काठापर्यंत न्या. नकाशा कोरा असतो तेव्हाच न्या. मंजूर झाल्यावर सगळेच हळहळतात, आणि कुणालाच काही करता येत नाही.