त्याच विभागात प्रवेश

"तारे सोडून त्या म्हाताऱ्याकडे?" नवऱ्याने ताटावरून मान वर केली. "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"त्याच्याकडे नाही. त्याच्या विभागात."

शीतगृहांचे कॉम्प्रेसर बसवणाऱ्या कंपनीत ती इंजिनिअर होती. भौतिकशास्त्रातल्या पीएचडीसाठी तिला दोन ठिकाणांहून होकार आला होता. एका ठिकाणी ताऱ्यांच्या प्रकाशावर काम होतं. त्याचसाठी तिने नोकरी सांभाळून पुन्हा अभ्यास केला होता. दुसरा होकार ज्या विभागातून आला होता, तिथले प्रमुख म्हणजे सर. बऱ्याच वर्षांपूर्वी इंजिनिअरिंग संपवून ती पहिल्यांदा तिथे प्रवेशाच्या मुलाखतीला गेली, तेव्हा तिचा अर्ज परत सरकवत ते म्हणाले होते, "नळ गळायला लागला की बोलावू तुम्हाला." सगळे हसले. तीही हसली. तेच तिला सर्वांत जास्त बोचत होतं.

"प्रबंधावर विभागप्रमुखाची सही लागते," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर डॉक्टर म्हणायला लावीन त्याला."

नवरा मोटार चालवायला शिकवायचा. "माझ्याकडचे शिकाऊसुद्धा नुसता मागचा आरसा बघून गाडी हाकत नाहीत गं."

"भाजी वाढू?" तिने विचारलं. त्याच दुपारी तिने ताऱ्यांच्या जागेला नकार कळवून टाकला होता.

पहिल्या दिवशी ती सरांच्या खोलीत गेली. समोर पांढऱ्या भुवयांचा, वाकलेला माणूस होता. तिच्या रागात त्यांचं वय वाढलंच नव्हतं.

"इंजिनिअर? छान. आम्हाला हवेच असतात," सर म्हणाले. "मी मात्र येत्या वर्षी निवृत्त होतोय. तुमच्या प्रबंधाला दुसरं कुणीतरी असेल."

म्हणजे त्यावर सही त्यांची नसणार होती.

"दुसरीकडे मिळत नव्हतं का?" त्यांनी विचारलं.

"मिळत होतं. ताऱ्यांवर."

"मग इथे कशाला आलात?"

"तुम्ही मला एकदा इथून हसून घालवलं होतं, म्हणून."

सरांनी बराच वेळ आठवून पाहिलं. ते सोंग करत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"असेल," ते हळूच म्हणाले. "पण त्यासाठी तारे सोडलेत?" त्यांनी समोरच्या खुर्चीकडे हात केला. "बसा ना."

ती बसली नाही. शेवटी टेबलाला धरून, गुडघा सावरत, सरच उठून तिच्यासमोर उभे राहिले.