कोपरभर खोल

"इथं वाकून पाहा मनाव त्यायले," माय म्हणाली. "उभ्यानं नाई दिसत."

मी इंग्रजीत सांगितलं. हैदराबादहून आलेला इंजिनियर, व्यंकटेश, पँट सावरत वाळूत गुडघ्यांवर बसला. मायने पळसाची वाळकी पानं बाजूला केली आणि हाताने वाळू उपसायला लागली. कोपर बुडेपर्यंत हात आत गेला, तसं बोटांभोवती पाणी जमलं. आधी गढूळ, मग हळूहळू नितळ.

"मे महिन्यातसुद्धा?" त्याने विचारलं.

"मिरगापर्यंत," माय म्हणाली.

गावातून जाणारी आमची नदी संक्रांतीनंतर वाहायची थांबते. उरते ती वाळू. त्या वाळूत माझी माय, सोजरबाई, तीस वर्षं डांगरवाडी करायची. पौषात चर खणून शेणखत भरायचं, वेल लावायचे, आणि होळीपासून काकड्या, डांगरं, टरबुजं टोपलीत घालून बाजारात न्यायची. इतरांच्या वाड्या एप्रिलात करपायच्या. मायची मे संपेपर्यंत हिरवी असायची, या झिऱ्यामुळे. शेजारच्या वाडीचे मारोतराव दरवर्षी विचारायचे, बाई, तुमची वाडी कोनाच्या नळावर हाये? माय म्हणायची, माह्या घामावर. पानांखाली झाकलेली ही जागा तिने त्यांना कधी दाखवली नाही. वडील मी चौथीत असताना गेले. माझं बी.एड. या कोपरभर पाण्यावर झालं.

मग तिने ती जागा परक्यांना का दाखवली, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. नदीकाठी बाग, फिरायला रस्ता आणि बोटिंग करायचं ठरलं होतं. बारमाही ओल कुठे टिकते ते त्यांना हवं होतं. व्यंकटेश तिला अम्मा म्हणाला, आपली घडीची खुर्ची त्याने तिला बसायला दिली, वहीत पहिलं नाव तिचं लिहिलं. पण खरं कारण मी असावे. त्या साहेबलोकांत मी उभी होते, सरकारी शाळेतली इंग्रजीची बाई, आणि तिला वाटलं असावं की त्यांना कळावं, ही कोणाची मुलगी आहे.

मी तेलुगूत बोलले असते तरी चाललं असतं. ते सगळे तेलुगूच होते. मायला बाजारापुरतं तेलुगू कळायचं, इंग्रजी नाही. मी इंग्रजीत बोलत होते.

हात पुसत माय म्हणाली, "आनि हे बी सांग त्यायले. कोपराच्या खाली खोदाचं नाई. खाली नदीमायचा पदर हाये. तो फाटला का ती उठून जाते."

त्यांच्याबरोबर आलेली, टॅब्लेट घेऊन उभी असलेली एक मुलगी मायच्या लुगड्याकडे, भेगाळलेल्या पायांकडे पाहत होती. पदर, नदीमाय, उठून जाते. मला ते वाक्य त्या मुलीसमोर उच्चारवेना.

"काय म्हणाल्या?" व्यंकटेशने विचारलं.

"नथिंग," मी म्हणाले.

माय समाधानाने मान हलवत होती.

पावसाळ्यात नकाशा लोकांना दाखवला. माय धुवट लुगडं नेसून आली. भिंतीवर मोठं रंगीत चित्र होतं. झिऱ्याच्या जागी तळं, त्यात हंसाच्या आकाराच्या बोटी. आमच्या वाडीवरून फरशीचा रस्ता. रस्त्यावर टोपी घातलेली गोरी बाई, आणि एक माणूस केसाळ कुत्र्याबरोबर पळत होता.

"हे कोनाचे पावने?" मायने विचारलं.

मारोतराव म्हणाले, "आपल्या गावचेच असतीन. आपन वळखत नाई."

हरकती लेखी द्या, पंधरा दिवस आहेत, असं माइकवर सांगण्यात आलं. मी म्हटलं, अर्ज लिहिते. माय नको म्हणाली. पानी काई आपल्या एकट्याचं नाई, तिचं म्हणणं. तीस वर्षं खाल्लं, पोट भरलं. वाडी गेली त गेली. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "फक्त ते पदराचं ध्यानात हाये ना त्यायच्या? तू सांगितलं होतं ना?"

"सांगितलं," मी म्हणाले.

ते पंधरा दिवस माझ्या हातात होते. घरी कागद होता, पेन होतं, तिन्ही भाषा येत होत्या. अर्जात एकच ओळ लिहायची होती. पण ती लिहिली असती तर आधी सांगितली नव्हती हे उघड झालं असतं. मी दहावीच्या चाचणीचे पेपर तपासत बसले.

जानेवारीत पोकलेन आलं. माय रोज काठावर जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी मशीनने वाळूखालून निळसर करड्या चिकणमातीची ढेकळं वर काढली. माय ओरडत खाली उतरली म्हणे. ड्रायव्हरने मशीन थांबवून तिला नीट समजावलं, "अम्मा, ड्रॉइंग में बारह फुट है." ती त्यातलं एक ढेकूळ ओच्यात बांधून घरी आली आणि ते तिने चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवलं.

"हा पदर," ती म्हणाली.

तळं भरलं. आजूबाजूच्या वाळूतलं होतं नव्हतं पाणी त्यात उतरलं. फीत कापली, चार हंस सोडले, निर्मलहून आणि बाजारहत्नूरहून लोक पोरांना घेऊन आले. दोन आठवड्यांनी पाणी खाली जायला लागलं. होळीपर्यंत तळाला चिखल होता. मग टँकर आले, ते पाणीही मातीने पिऊन टाकलं, आणि टँकर बंद झाले. त्या उन्हाळ्यात पात्रात कोणाचीच वाडी झाली नाही. मारोतराव भीमपूरकडे कापूस वेचायला जाऊ लागले.

माय रिकाम्या हाताने बाजारात जायची आणि आपल्या जुन्या जागेवर बसायची. जो भेटेल त्याला सांगायची, "माह्या पोरीनं, सपनानं, इंग्रजीत सांगितलं होतं त्यायले, खोदू नोका मनून. म्या सोता आयकलं." मारोतराव एकदा म्हणाले, इंग्रजी कच्ची असन पोरीची. ती तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. साहेबाची कच्ची असो, म्हणाली, माह्या सपनाची पक्की हाये.

हे मला बाजारातल्या बायकांनी कौतुकाने सांगितलं.

श्रावणात ती गेली. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. मी त्याहून जास्त काही सांगू शकत नाही.

पौषात मी नदीवर गेले. हंस वाळूत कलंडले होते, एकाची मान मोडली होती. तिकिटाच्या खोलीला कुलूप होतं. पुराने खड्ड्यात वाळू आणून टाकली होती, तरी जागा मी ओळखली. बसले आणि हाताने उपसायला लागले. कोपरापर्यंत हात गेला. वाळू कोरडी होती.

"अजून खाली जाय," काठावरून आवाज आला. मारोतराव होते. "तुह्या मायची जागा हेच होती काय?"

मी मान हलवली. "कोपराच्या खाली खोदायचं नाही, काका. तिने सांगितलं होतं."

"मालूम हाये. साऱ्या गावाले मालूम हाये. तू सांगितलं होतं त्यायले."

"नाही सांगितलं," मी म्हणाले. "ती म्हणाली होती. मी पुढे सांगितलं नाही."

ते खाली उतरून आले, माझ्यापासून थोडं दूर बसले. तोंडातला तंबाखू थुंकला.

"हे बाजारात कोनापाशी बोलू नोको," ते म्हणाले. "सोजरबाई खोटी पडन."

मी मायच्या कोनाड्यातलं ते ढेकूळ पिशवीतून काढलं. वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. ते खड्ड्यात ठेवलं, वाळू लोटली. मारोतराव उठले, काठावरच्या पळसाखालून चार पानं वेचून आणली आणि माझ्या हातात न देता स्वतःच वर नीट पसरून ठेवली.