ताकद उठून बघावी

दूध उतू गेलं, करपलं, भांडं काळं झालं, आणि शेजारच्या खोलीत बसलेला माणूस पेपरातलं शब्दकोडं सोडवत राहिला.

कावळा काळा, कोकीळही काळी.

शेंड्याचं पान ऊन खातं, तळाचं पान सावली खातं.

एका खुर्चीचा मागचा पाय आखूड. तिच्यावरून उठलं की ती खट् वाजते.

स्वयंपाक करणारीने आपल्या भाजीचं मीठ आपण सांगू नये.

सर्दी गेली, आणि जाताना नाक घेऊन गेली.

*

सिगारच्या त्या कारखान्यात त्याला सगळे जीभ म्हणत. मालक मानाने जीभराव म्हणत. "लोकांच्या जिभेला हाड नसतं, आमच्या जिभेला पगार असतो," हा मालकांचा आवडता विनोद. पाहुणे आले की आजच सुचल्यासारखा ते तो वाढत.

काम ऐकायला सोपं. सकाळी, तोंडाला दुसरी कसलीही चव लागायच्या आत, पाण्याने चूळ भरायची, नवी सिगार ओढायची आणि ती कशी आहे ते सांगायचं. चव कशी, आणि ताकद किती. चवीला शब्द हजार. ताकदीला तीनच: हलकी, मध्यम, कडक.

त्याच्या आधी हे काम वडील करत. इस्टेट म्हणून त्यांनी एक वाक्य मागे ठेवलं होतं: चव बसून घ्यावी, ताकद उठून बघावी. चव नाकाची आणि जिभेची. ताकद मात्र तोंडात कळतच नाही. ती पोटात उतरते, डोक्यात चढते आणि शेवटी गुडघ्यांत जाऊन बसते. म्हणून अर्धी सिगार ओढून झाली की खुर्चीतून उठायचं, क्षणभर नुसतं उभं राहायचं, गुडघे काय म्हणतात ते ऐकायचं आणि मगच तोंड उघडायचं. नवशिके रंगावर जातात. वरचं पान काळं दिसलं की म्हणतात, कडक. वरचं पान काळं होतं ते ढिगात जास्त दिवस आंबून, उबेत मुरून, आणि त्याने ते गोड होतं. ताकद आतल्या भरण्यात असते. आत रोपाच्या शेंड्याची पानं भरली तर माणूस भिंत धरतो, तळाची भरली तर शीळ घालत घरी जातो.

हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

*

त्याची ताई त्याच कारखान्यात भरण्याची पानं जुळवायची. कुठलं पान किती, कुठल्याशेजारी कुठलं, हे तिने ठरवायचं आणि वळणाऱ्या बायांनी वळायचं. ताईचा चेहरा करारी, बोलणं तोडून टाकणारं. नव्या बाया तिला बघून आधी पाणी प्यायच्या, मग बोलायच्या. आयुष्यभर तिने मालकांनी मागितलेली मिश्रणं केली होती. आता बोटं आखडायला लागली होती आणि तिला स्वतःची एक सिगार करायची होती. काळी कुळकुळीत, आणि आतून अगदी मऊ.

"काळी म्हटली की लोक डोकं गरगरायची वाट बघतात," ती म्हणायची. "त्यांना एकदा तरी चकवायचंय मला. मालकांनी घेतली तर राहते मी अजून. नाही घेतली तर ह्या बोटांना किती दिवस ओरडत बसू?"

जीभ तेव्हा हसला होता. सर्दीत नाक गेल्याचं, वास येईनासा झाल्याचं त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, ताईलासुद्धा. चव घ्यायची वेळ आली की तो डोळे मिटून जुन्या आठवणीतून काहीतरी काढायचा. लाकूड म्हणायचा, मध म्हणायचा, ओली माती म्हणायचा. कुणी भुवई उचलली की "अगदी पुसट," एवढं जोडायचा. गाडी ढकलली जात होती.

दूध करपलं तेव्हा बायको माहेरी होती. ताई सहज म्हणून आली, दारातूनच खोकत आत धावली, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. घर धुराने भरलेलं आणि हा पेन घेऊन बसलेला.

"लक्ष कुठे होतं तुझं?"

"शब्दकोड्यात."

"कुठला शब्द अडला होता एवढा?"

त्याला एकही सांगता येईना. ताईने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं, मग भांडं घासायला घेतलं. त्यावर पुन्हा बोलली नाही. त्याला वाटलं, सुटलो.

*

ताईची सिगार टेबलावर आली त्या सकाळी वळणाऱ्या बाया दारात गोळा झाल्या होत्या. खिडकीतल्या उजेडात तिचं पान तेल लावल्यासारखं चमकत होतं, एकही शीर वर आलेली नाही. नजर ठरत नव्हती.

"ताई, अगदी तुमच्यावर गेलीय हो," बायांतली एक बडबडी म्हणाली. "लांबूनच भीती वाटते."

"जवळ ये मग," ताई म्हणाली. बाया हसल्या.

मालक येऊन बसले. आपल्या मिश्रणाबद्दल जुळवणारीने काही बोलायचं नाही, ही तिथली रीत, त्यामुळे ताई हाताची घडी घालून भिंतीशी उभी राहिली.

"जीभराव, आज चवीचं राहू द्या," मालक म्हणाले. "फक्त ताकद सांगा."

त्याच्या छातीवरचा दगड उतरला. लाकूड नको, मध नको. तीनातला एक शब्द टाकला की मोकळे. त्याने सिगारच्या तोंडावरची पानाची टोपी कापली, सिगार पेटवली, पहिला धूर तोंडात घोळवून सोडला. काही नाही. दुसरा नाकातून सोडला. कडक पानाचा धूर नाकात मुंग्या आणतो. मुंग्या आल्या नाहीत. पण ओस पडलेल्या घरात मुंग्या येतील कशाला, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याचा जीव घाबरा झाला. एक तृतीयांश सिगार जळेपर्यंत तो आपल्या नाकाशीच भांडत राहिला. मालक अजून काही विचारतील, चवीचं विचारतील, बायांसमोर विचारतील. लवकर संपवलेलं बरं. त्याने हातातल्या सिगारकडे पाहिलं. रात्रीसारखी काळी.

"कडक," तो म्हणाला.

खुर्ची खट् वाजली नाही.

हे दोघांनाच कळलं. मालक मान हलवत होते, बाया कुजबुजत होत्या. ताई मात्र त्याच्या गुडघ्यांकडे बघत होती. टेबलाखाली दुमडलेल्या, जागच्या न हललेल्या. त्याने तिची नजर कुठे आहे ते पाहिलं आणि पायांत वीज गेल्यासारखं त्याला आठवलं. तेव्हाही उठता आलं असतं. थांबा, असं म्हणून अजून चार झुरके घेऊन उभं राहता आलं असतं. पण आता उठणं म्हणजे आधी उठलो नव्हतो हे कबूल करणं. तो बसून राहिला.

"काळी आणि कडक," मालक हळहळत म्हणाले. "ताई, अशा आपल्याकडे दोन आहेत की. मी काहीतरी वेगळं समजत होतो. तुम्हाला काय वाटतं?"

रीत मोडायची परवानगी खुद्द मालक देत होते. एक शब्द पुरला असता. तो शब्द तिने उच्चारला तर भावाचं काय होईल, हे खोलीत तिलाच माहीत होतं.

"जीभ म्हणते ते खरं," ताई म्हणाली.

ताईच्या सिगारींचा जुडगा कपाटात गेला. हंगाम संपताच ताईने काम सोडलं.

*

पुढे कपाट आवरताना तो जुडगा त्याच्या हाती लागला. एक सिगार खिशात घालून तो सुट्टीच्या दुपारी ताईकडे गेला. ती गॅलरीत मटार सोलत बसली होती. सोलत कसली, शेंगा नुसत्या दाबत होती. बोटं मिटत नव्हती.

"ही बघ," तो म्हणाला.

"बघितलीय मी. मीच केलीय."

त्याने पेटवली. ताईने ताट थोडं बाजूला घेतलं, राख पडू नये म्हणून. अर्धी होईपर्यंत दोघं खालच्या रस्त्याकडे बघत राहिली. मग तो उठला. उभा राहिला.

"काय म्हणतायत गुडघे?"

"काहीच नाही म्हणत."

"हं."

"मऊ आहे ताई. अगदी मऊ. वरून पत्तासुद्धा लागत नाही."

"जीभराव डोळ्यांनी चाखतात, त्याला मी काय करू?"

ती हसली. त्याला हसता आलं नाही.

"मी मालकांना सांगतो. सगळं सांगतो, नाकाचंसुद्धा. तू परत जुळव ही."

"ती पानं संपली रे. त्या शेतावर आता दुसरंच काहीतरी लावतात. आणि ही बघ बोटं." तिने हात पुढे केला, तसाच मागे घेतला. "तू बस आता. उभा राहून उजेड अडवतोयस माझा."

तो बसला. ताट मांडीवर ओढून त्याने शेंगा सोलायला घेतल्या. उरलेली सिगार कठड्यावर आपोआप विझली. तिचा वास गॅलरीत दरवळत राहिला असणार, कारण ताईने डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. त्यानेही घेतला. हवा नुसती गार होती.

"मध आहे का गं?" त्याने विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "अगदी पुसट."

*

सिगार टेबलावर आली त्याच्या आदल्या दिवशी ताई मालकांच्या खोलीत गेली होती आणि म्हणाली होती, ह्या वेळी त्याला चव विचारू नका, फक्त ताकद विचारा.