अठ्ठाविसावा मुका
चाळीस वर्षं मी गणित शिकवलं आणि चाळीस वर्षं वर्ग पेंगला. निवृत्तीनंतर मी दहा-दहा मिनिटांची गणिती प्रहसनं लिहायला घेतली. एकदा तरी एखाद्या सिद्धांतावर लोकांनी पोट धरून हसावं, एवढीच इच्छा. पण नट मिळाले ते अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरातले, आमच्या वस्तीतल्या क्लबाचे. देवा!

पहिल्या प्रहसनातला माणूस दरवेळी उरलेल्या अंतरापैकी अर्धंच चालतो, म्हणून दारापर्यंत पोचतच नाही. रुबेनला नेमकी त्याच वेळी लघवीला लागली. दोन ढांगांत पठ्ठ्या दाराबाहेर!

म्हणून सगळी भिस्त 'वाढदिवसा'वर होती. आठजण एकेक करून येतात, येणारा आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आधीच्या प्रत्येकाच्या गालाला गाल लावून मुका घेतो आणि केक तसाच पडून राहतो. आठजणांत मुके अठ्ठावीस. इलारियो, आमचा पाववाला, खिडकीतून डोकावणारा शेजारी होऊन ते मोठ्याने मोजतो आणि शेवटी ओरडतो, "अठ्ठावीस! आता तरी केक कापा!" की पडदा.

रविवारी दुपारी प्रयोगाला तास उरला असताना आठांतल्या मार्ताचा निरोप आला, घोटा मुरगळला म्हणून.

"बाई, तुम्हीच उभ्या राहा," इलारियो म्हणाला. "संवाद तुमचेच आहेत."

"त्यात नेलिदा आहे."

"मग? सख्खी बहीण ना तुमची?"

"नऊ वर्षं बोललो नाही आम्ही. तालमीतसुद्धा नाही."

"ते अख्ख्या वस्तीला ठाऊक आहे. तिला टाळा. सत्तावीस होतील, मी अठ्ठावीस म्हणून ओरडतो. कोण मेलं मोजत बसलंय?"

"सत्ताविसाला अठ्ठावीस? माझ्या नाटकात?"

"मग घ्या की मुका!" त्याने कपाळावर हात मारला.

नऊ वर्षांपूर्वी मार्चच्या फेरपरीक्षेत मी नेलिदाच्या मुलाला, दामियानला, दहापैकी साडेपाच गुण दिले होते. पास व्हायला सहा लागत. नेलिदा माझ्या दारात येऊन अर्धा गुण मागत रडली. मी नियम सांगितला. पोराचं वर्ष गेलं, मग शाळा सुटली, मग तो दक्षिणेला कुठेतरी कामाला निघून गेला. नियमाचा मला अभिमान होता. अलीकडे त्या अर्ध्या गुणाची आठवण आली की चिडचिड होते, आणि ती कुणावर काढावी ते कळत नाही.

प्रयोग रंगला. लोक इलारियोबरोबर मोजू लागले, पाय आपटू लागले. शेवटी नेलिदा आली. तिने सहाजणांचे मुके घेतले आणि माझ्यापासून चार पावलांवर थांबली.

"सत्तावीस!" इलारियो ओरडला, आणि 'म्हणू का?' अशा नजरेने माझ्याकडे बघू लागला. मी मान हलवली. नाही.

"एक राहिला!" तिसऱ्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. सभागृह हसून लोटपोट.

नेलिदाने कमरेवर हात ठेवले. "एकच कमी पडतोय ना, बाई? मग द्या की सोडून! एवढ्याशासाठी कुणी अडून बसतं का?"

लोकांना वाटलं, संवादच आहे. टाळ्या पडल्या. जुन्या शेजाऱ्यांचे हात मात्र टाळीला उठले नाहीत.

माझ्या तोंडून संहितेत नसलेलं वाक्य निघालं. "द्यायला हवा होता गं. अर्धाच होता."

ती जागची हलली नाही. मधली चार पावलं मीच चालले आणि तिच्या गालाला गाल लावला. तिचा गाल ओला होता.

"'एक राहिला' म्हणून ओरडला कोण, ओळखलंस का?" ती कानाशी पुटपुटली. "कालच दक्षिणेहून आलाय."

इलारियो "अठ्ठावीस, केक कापा" म्हणून बोंबलत होता. तिसऱ्या रांगेत एक दाढीवाला माणूस उभा होता. एक बोट अजून वर धरलेलं, वर्गात उत्तर येतंय म्हणून धरतात तसं. त्याचं उत्तर बरोबर होतं.