ताईचा हिरवट निळा

माझी थोरली बहीण सहा वर्षं एकच काम करते आहे: निळा उजेड देणारा रेणू बांधणं. मोबाइल-टीव्हीच्या पडद्यांसाठी लाल आणि हिरवा कधीच जमले. ते गुणी भावंडांसारखे हजारो तास तेवतात. निळा मात्र शेंडेफळ. झोकात पेटतो आणि लवकर मान टाकतो. हे ती माझ्याकडे बघत सांगते.

शुक्रवारी दुपारी बारापर्यंत नवा रेणू टिकला तर काम पुढे चालणार, नाहीतर बंद. नेमका त्याच दिवशी ती चष्मा घरी विसरली. तो घेऊन मी प्रयोगशाळेत पोचलो तेव्हा बारा वाजत होते. काळ्या खोक्यातल्या काचेवर नखाएवढा ठिपका उजळलेला होता. शेजारी तिचे साहेब, एकेकाळचे तिचेच विद्यार्थी, खुशीत हात चोळत होते.

"मॅडम, टिकला की!"

"टिकला. पण हिरवट झालाय."

"छे, निळाच आहे. तुम्हाला चष्मा नाही ना."

मी तत्परतेने चष्मा पुढे केला. ताईने तो लावून वाकून पाहिलं.

"आता तर जास्तच हिरवा दिसतोय."

रंग मोजणाऱ्या यंत्रानेही तिचीच री ओढली.

"पण झालं काय?" मी विचारलं.

"अरे, रेणू म्हणजे जावा. अंतर राखून राहिल्या तर निळ्या, गळ्यात गळे घातले की हिरव्या. अंतरासाठी मी प्रत्येकाला दोन आडदांड हात लावले होते. त्यातला एक सारखा तुटायचा, म्हणून काढून टाकला. टिकाऊपणा आला, पण बसले एकमेकांना बिलगून. चूक माझी."

"थोडासाच तर हिरवा आहे," साहेब कळवळले. "नापास लिहिलंत तर वरचे लोक काम बंद करतील."

"दुधात माशीही थोडीशीच असते."

आणि तिने वहीत ठळक लिहिलं: टिकला. निळा नाही. नापास. जन्मभर मी इतरांच्या चुका काढून पोट भरलं. स्वतःची चूक इतक्या सुवाच्य अक्षरात लिहिणारं माणूस मला घरातच सापडावं!

साहेबांनी वही ओढून घेऊन पुन्हा वाचली. मग म्हणाले, "वरच्यांकडून आणखी सहा महिने मागून घेतो. मिळतील. तुम्हीच नापास लिहिलंय म्हटल्यावर रेणू टिकल्याचा आकडा कोण खोटा म्हणेल?"

ताईचं लक्षच नव्हतं. चष्म्याच्या कागदी घरावर तिने नवा रेणू काढायला घेतला होता. काढून टाकलेला हात आता दुसऱ्या जागी होता, भक्कम.

"उभा काय राहिलास?" ती मला म्हणाली. "खोडरबर दे."